नरम बोल्टाचे कैवारी

तुटण्यावर इतकं मनापासून प्रेम करणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन्ही जिल्ह्यांत आमच्या साडभाऊंखेरीज दुसरा नाही, हे मी स्टँप पेपरवर लिहून द्यायला तयार आहे. इतरांच्या घरी साधी कपबशी फुटली तरी ती कोणाच्या हातून फुटली याची चौकशी दिवसभर चालते. साडभाऊंच्या ट्रॅक्टरमागे ‘टक्’ असा आवाज झाला की त्यांचा चेहरा मुलगी दहावी पास झाल्याचा निरोप आल्यासारखा फुलतो. ते ट्रॅक्टर थांबवतात, टोपी मागे सारतात आणि जवळ जो कोणी उभा असेल त्याला, कोणीच नसेल तर चरणाऱ्या बकरीला, सांगतात, “तुटला बरं का! बराबर वेळेवर तुटला!” बकरी मान वर करते, पाहते आणि पुन्हा चरायला लागते. माणसांना ती सोय नसते. त्यांना पुढचं सगळं ऐकावं लागतं.

हे साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. या बहिणीला आम्ही घरातले सगळे बाई म्हणतो. दोघं चामोर्शीकडच्या एका गावात राहतात. धानाची थोडी शेती आहे आणि एक ट्रॅक्टर आहे. त्या ट्रॅक्टरमागे गवत आणि झुडपं कापायचं एक यंत्र जोडलेलं असतं, त्याला स्लॅशर म्हणतात. रस्त्याच्या कडेचं गवत, शाळेच्या मैदानातला तरोटा, तलावाच्या पाळीवरची बेशरम, वणवा अडवायला जंगलात साफ ठेवलेल्या जाळरेषेतली रायमुनियाची झुडपं, जे जे माणसाच्या हाताला आवरत नाही ते ते कापायला साडभाऊंना बोलावणं येतं. आता हे यंत्र चालतं कसं, तेही सांगतो. ट्रॅक्टरची ताकद एका फिरत्या दांड्यातून मागच्या गिअरबॉक्समध्ये जाते आणि तिथून जमिनीलगत गरगर फिरणाऱ्या जाड पात्यांना मिळते. पातं एखाद्या तेंदूच्या खुंटावर आपटलं की ती सगळी ताकद गिअरबॉक्सचे दात पाडायला निघते. तसं होऊ नये म्हणून दांड्यात मुद्दाम एक नरम लोखंडाचा बोल्ट घातलेला असतो. त्याचं नाव शिअर बोल्ट. तो आधी तुटतो, दांडा मोकळा फिरतो आणि महागाचा गिअरबॉक्स वाचतो. झालं. मी हे इतक्यात आटोपलं, पण साडभाऊ हाच विषय आलापल्ली ते गडचिरोली एसटीच्या प्रवासात पुरवून, उतरल्यावर स्टँडवरच्या बाकावर बसून पूर्ण करतात. मी विम्याचा एजंट आहे आणि अधूनमधून पेपरात लिहितो, म्हणजे बोलण्यात मी काही कच्चा नाही. पण पहिल्याच भेटीत त्यांनी माझी पॉलिसी बाजूला सारली आणि म्हणाले, “तुमचा विमा मेल्यावर कामाचा, साडभाऊ. माहा बोल्ट मराच्या पहिले कामाचा.” यावर काय बोलावं हे आमच्या ट्रेनिंगमध्ये शिकवलेलं नव्हतं.

बोल्ट विकत घ्यायला साडभाऊंबरोबर जाणं ही शोभा करून घेण्याची खात्रीची वाट आहे. दुकानात शिरल्याशिरल्या ते मोठ्यांदा म्हणतात, “तुमच्या दुकानातला सगळ्यात कमजोर बोल्ट दाखवा.” दुकानदाराचा चेहरा पडतो. इतर गिऱ्हाइकं हातातला माल खाली ठेवून संशयानं पाहू लागतात. “आमच्याकडे कमजोर माल नाई ठेवत जी,” दुकानदार म्हणतो. “मंग तुमच्या दुकानाचा उपेग काय?” साडभाऊ विचारतात. मग खिशातून कानस निघते, पुडकंभर बोल्टांच्या अंगावर एकेक करून फिरते, आणि जो बोल्ट कानशीखाली लोण्यासारखा झिजेल त्याच्यावर पसंतीची मोहोर उठते. मुलगी पाहायला गेलेल्या पाहुण्यांनीही इतकी पारख केली नसेल. चामोर्शीचा एक दुकानदार तर साडभाऊ वळणावर दिसले की शटर अर्धं खाली ओढून जेवायला बसल्याचं नाटक करतो. साडभाऊ अर्ध्या शटरखालून वाकून विचारतात, “जेवण होऊ द्या सावकाश. तोपर्यंत मी पाहून घेतो.”

पसंत पडलेले बोल्ट मग साडभाऊंच्या अंगावर राहायला येतात. शर्टाचा खिसा, पायजम्याचा खिसा, झोळी, चष्म्याचं घर, सगळीकडे बोल्ट. गडचिरोलीच्या एका कार्यालयाच्या दारातलं यंत्र त्यांना पाहून इतकं बोंबललं की आतले साहेब बाहेर आले. शिपायानं खिसे रिकामे करायला लावले. टेबलावर बोल्टांचा ढीग पडला. “हे काय आहे?” साहेबांनी विचारलं, आणि त्यांची ती फार मोठी चूक झाली. त्या दिवशी साहेबांची मीटिंग उशिरा सुरू झाली. निघताना साडभाऊंनी त्यांच्या हातात एक बोल्ट ठेवला, “टेबलावर असू द्या, कामी पडन.” लहान पोरांना ते बोल्टच देतात. पोरं आधी जिभेला लावून पाहतात आणि मग रडत आईकडे जातात.

बोल्ट तुटला की नवा बसवून पुढं जाणं एवढ्यावर त्यांचं भागत नाही. तो कशानं तुटला याचा तपास झाल्याशिवाय ते ट्रॅक्टरवर चढत नाहीत. खुंट असेल तर कशाचा, दगड असेल तर तो तिथं आला कुठून. एकदा जाळरेषेवर काम चालू असताना बोल्ट तुटला. सोबत आलेल्या वनरक्षकानं सकाळीच वाघाच्या पंजांचे ताजे ठसे दाखवले होते. तो ट्रॅक्टरच्या मडगार्डवरून ओरडला, “भाऊ, उतरू नका! वर बसा!” साडभाऊ उतरले. वाकून गवत बाजूला केलं, खाली दगडासारखं टणक एक वारूळ निघालं, त्याला त्यांनी चारही बाजूंनी न्याहाळलं. वनरक्षक जिवाच्या आकांतानं ट्रॅक्टरचा भोंगा वाजवत होता. साडभाऊंनी शांतपणे जुने तुकडे ठोकून काढले, नवा बोल्ट बसवला, नट आवळला आणि वर चढून म्हणाले, “वाघ आला तं आपल्या पायानं येईन आनी आपल्या पायानं जाईन. मशीन आपल्या पायानं जाते का?” वनरक्षकानं त्यानंतर बदली मागून घेतली असं साडभाऊ सांगतात. बदली त्याच्या घराजवळ झाली, हे ते सांगत नाहीत.

हे सगळं शेतापुरतं राहिलं असतं तर बाईंना संसार सोपा गेला असता. पण मोठं वाचवायचं असेल तर एखादी बारीक गोष्ट मुद्दाम कच्ची ठेवावी, हा नियम साडभाऊंनी घरादाराला लावला. म्हैस बांधायला ते कच्चा दोर वापरतात. म्हशीनं हिसका दिला तर दोर तुटावा, तिच्या मानेला त्रास होऊ नये. ही योजना म्हशीला लगेच कळली. आता ती कंटाळा आला की हिसका देते आणि गावात फेरी मारून येते. मान शाबूत आहे, खुंटा शाबूत आहे, शेजाऱ्यांच्या वांग्यांबद्दल मात्र न बोललेलं बरं. मग त्यांनी पायजम्याची नाडी बदलली. नाडी पक्की असली की ताण पायजम्यावर येतो आणि पायजमा शिवणीत उसवतो, असं त्यांचं निदान होतं. म्हणून नाडीच्या जागी साधा सुती दोरा आला. ग्रामसभेत नळयोजनेच्या ठरावाला अनुमोदन द्यायला साडभाऊ उत्साहानं उठले, दोन्ही हात वर केले, आणि दोरा आपलं काम चोख बजावून गेला. सभा गार झाली. बायका पदरात तोंड घालून बाहेर पळाल्या. साडभाऊंनी एका हातानं पायजमा सावरला, दुसऱ्या हातानं त्याची शिवण लोकांना दाखवली आणि म्हणाले, “पाह्यलं? एक टाका नाई उसवला.” ठराव एकमतानं मंजूर झाला.

लग्नांमध्ये मात्र त्यांच्या या शास्त्राचा खरोखर उपयोग होतो, हे मला मान्य करावंच लागेल. आपल्याकडे लग्नात कोणीतरी रुसणार हे ठरलेलं असतं. साडभाऊंचं म्हणणं असं, की रुसण्याचं काम मोठ्या माणसाकडे जाऊच देऊ नये. “नवऱ्याचा बाप रुसला तं लगन मोडते. मी रुसलो तं काय मोडते?” माझ्या पुतणीच्या लग्नात वरपक्षाचे मामा खुर्ची मागच्या रांगेत मिळाली म्हणून फुगायच्या बेतात होते. वंदना व्हायची होती, भंतेजी येऊन बसले होते, आणि मामांचा खालचा ओठ पुढं यायला लागला होता. साडभाऊंनी ते हेरलं. क्षणात उठले आणि “प्यायले थंडं पानीही नाई भेटत ह्या मांडवात!” असं गरजून रस्त्यापलीकडच्या कडुनिंबाखाली जाऊन बसले. मांडवभर धावपळ झाली. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी मनधरणीला गेली. स्वतः ते मामा गेले, साडभाऊंचा हात धरून म्हणाले, “असं बारीक गोष्टीवरून रागावता का जी?” एवढं बोलून बसल्यावर मामांना स्वतः रुसायला तोंड राहिलं नाही. लग्न सुरळीत पार पडलं. तेव्हापासून आजूबाजूच्या गावांतून वधूपित्यांचे फोन येतात, “भाऊ, जरा लवकर या. वरात याच्या पहिले रुसून ठेवा.”

अशा माणसाला तोलामोलाचा विरोधक हवा असतो, आणि तो त्याच गावात होता. गावातल्या शाळेतून निवृत्त झालेले एक गुरुजी. त्यांनीही ट्रॅक्टर घेतला, स्लॅशर घेतला, पण त्यांच्या यंत्रात बोल्टाच्या जागी स्लिप क्लच होता. क्लचमध्ये काही तुटत नाही. स्प्रिंगांनी दाबलेल्या चकत्या असतात, पातं अडलं की त्या एकमेकींवरून घसरतात, थोडा जळका वास येतो, अडथळा सरला की पुन्हा पकडतात. ना खाली उतरणं, ना ठोकाठोकी. गुरुजी चहाच्या टपरीवर शाळेतल्या आवाजात सांगत, “तुटण्यापेक्षा थोडं सरकून घेणं हे शहाणपणाचं लक्षण आहे.” साडभाऊ बशी खाली ठेवत. “सरकून घेनारे लय पाह्यले जी गुरुजी. बोल्ट जीव देते. आनी तुटला का तुमाले खाली उतरून पाहाच लागते, कायले धडकलो ते. तुमचा क्लच तुमाले पाहूच नाई देत.” गाव दुभंगलं. पानठेलेवाला बोल्टाच्या बाजूचा, पिठाच्या चक्कीवाला क्लचच्या बाजूचा. ज्यांच्या घरी साधी सायकल नव्हती तेही या वादात घसा कोरडा करत. एका घरात सासू बोल्टवाली आणि सून क्लचवाली होती, आणि त्या घरात भाजी दोनदा शिजायची असं म्हणतात.

गंमत अशी की गुरुजींच्या क्लचची काळजी गुरुजींपेक्षा साडभाऊंनाच जास्त. पावसाळाभर यंत्र उभं राहिलं की क्लचच्या चकत्या गंजून एकमेकींना चिकटतात, मग त्या घसरत नाहीत आणि गिअरबॉक्सचा घात होतो. म्हणून पोळा झाला की साडभाऊ गुरुजींच्या अंगणात जाऊन हाक मारणार, “गुरुजी, क्लच ढिला करून फिरवला का?” लोक एकमेकांच्या रक्तदाबाची चौकशी करतात तशी. मग दोघं मिळून स्प्रिंगा सैल करायचे, चकत्या मोकळ्या करायचे, पुन्हा आवळायचे आणि भांडत भांडत चहा प्यायचे.

गेल्या दिवाळीनंतर या भांडणात पैज लागली. टपरीवर बरीच माणसं होती आणि गुरुजी जरा तापले होते. ते म्हणाले, “या हंगामात ज्याचा गिअरबॉक्स आधी फुटेल, त्यानं या गावात पुन्हा बोल्ट-क्लचचं नाव काढायचं नाही. जन्मात नाही!” साडभाऊंनी गुरुजींच्या हातावर टाळी दिली, “मंजूर!” पानठेलेवाला सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटता घोटता थांबला. दुसऱ्या कोणी ही पैज लावली असती तर हसण्यावारी गेली असती. पण साडभाऊंनी बोल्टाबद्दल बोलायचं नाही म्हणजे नदीनं वाहायचं नाही म्हटल्यासारखं होतं. ही बातमी मला बाईंनी फोनवर सांगितली तेव्हा मी खूप हसलो. बाई हसल्या नाहीत. “हारले तं हे घरात बोलतीन काय जी?” त्या म्हणाल्या.

बाईंचं बोल्टाशी वैर नव्हतं. त्यांचं वैर होतं साडभाऊंच्या गुडघ्याशी. त्या थंडीत साडभाऊंचा उजवा गुडघा सुजला. बोल्ट तुटला की खाली उतरायचं, वाकायचं, बसवायचा, पुन्हा वर चढायचं. लोकांसमोर ते ऐटीत उतरायचे, पण आपल्याला कोणी पाहत नाही असं वाटलं की चाकाला धरून डोळे मिटून उभे राहायचे. बाई डबा घेऊन जायच्या तेव्हा बांधाआडून हे पाहायच्या. डॉक्टरकडे चला म्हटलं की साडभाऊ म्हणायचे, “गुडघा काय म्हनते, तुटत तं नाई ना?” शेवटी बाईंनी एका बाजारच्या दिवशी चामोर्शीत त्याच शटरवाल्या दुकानात जाऊन खूण म्हणून तुटका तुकडा दाखवला आणि सांगितलं, “याच मापाचा द्या, पन कधी तुटू नये असा.” त्या घरातून असं शहाणं गिऱ्हाईक येईल यावर दुकानदाराचा विश्वास बसेना. त्यानं कौतुकानं सगळ्यात कडक, चकचकीत बोल्ट निवडून दिला. बाईंनी तो पदराला बांधला.

मोहाची फुलं पडायचे दिवस होते. साडभाऊ जंगलाच्या कडेला एका शेताची रायमुनिया कापत होते. बाई भात आणि लाखोरीचं वरण घेऊन पोचल्या तेव्हा बोल्ट नुकताच तुटला होता. साडभाऊ मोहाखाली बसून जेवले, पाय लांब केला आणि त्यांना झोप लागली. बाईंनी एवढ्या वर्षांत बोल्ट बसवताना पाहून पाहून सगळं पाठ केलं होतं. त्यांनी तुकडे ठोकून काढले, पदराची गाठ सोडली, तो चकचकीत बोल्ट घातला आणि नट आवळला. साडभाऊ उठले, पाहतात तर काम झालेलं. “तू बसवला?” “हो.” “वा वं! माह्या हाताखाली तयार झाली तू!” ते म्हणाले. दुकानातला एकेक बोल्ट कानशीनं तपासणाऱ्या या माणसानं हा एक बोल्ट पाहिलासुद्धा नाही. बायकोनं बसवला ना, मग झालं. ते खुशीत वर चढले.

या वेळी ‘टक्’ असा आवाज झाला नाही. कडाड असा झाला, आणि गिअरबॉक्सच्या पोटातून तेल गळायला लागलं.

यंत्र ट्रॉलीत घालून रस्त्यावरच्या वेल्डिंगवाल्या चाचांच्या दुकानात आणलं. तालुक्यातल्या ट्रॅक्टरवाल्यांचा हा दवाखाना. खबर कळताच मीही चंद्रपूरहून आलो होतो. पाहतो तर अर्धं गाव जमलेलं, गुरुजी सगळ्यांत पुढं, बाई दाराच्या चौकटीला टेकून. चाचांनी गिअरबॉक्स उघडून तुटलेले दात परातीत काढले. मग दांड्यातला तो बोल्ट काढला. अख्खाच्या अख्खा. फडक्यानं पुसून, डोक्यावरचे आकडे वाचून चाचा घाबरल्यासारखे म्हणाले, “ये तो हाय टेन्साइल है, भाऊ, एकदम कडक लोहा. तुमी टाकला? तुमी?” पानठेलेवाल्याच्या तोंडातला खर्रा जागच्या जागी थांबला. बाईंनी एक पाऊल पुढं टाकलं, त्यांचे ओठ हलले. तेवढ्यात साडभाऊ मोठ्यांदा बोलले, इतकं मोठ्यांदा की चाचांच्या हातातलं फडकं पडलं. “मीच टाकला! पेटीत हाताले लागला तो टाकला. म्हातारपन आलं, ध्यान नाई राह्यलं.” मागून कोणीतरी फिसकन हसलं. साडभाऊ गुरुजींकडे वळले. “पैज हारलो जी, गुरुजी.” आणि चाचांच्या बाकावर जाऊन बसले. त्या वेळी सगळ्यांप्रमाणे मलाही ते खरंच वाटलं. खरी हकिगत बाईंनी माझ्या बायकोला फोनवर रडत रडत सांगितली तेव्हा कळली.

चाचांनी नवे दात बसवून यंत्र पुन्हा उभं केलं. साडभाऊंचं बोल्टाबद्दलचं बोलणं मात्र बंद ते बंदच. इतर विषयांवर बोलतात, पाऊस, धान, नातवंडं. पण बोल्ट तुटला की नुसते हातानं ‘थांबा’ अशी खूण करतात. दुकानात गेले की तुटका तुकडा पुढं धरतात आणि बोटानं पुडकं दाखवतात. तो दुकानदार आता शटर पूर्ण उघडं ठेवतो आणि “काहीतरी बोला ना जी” म्हणतो. टपरीवर क्लचचा विषय निघाला की साडभाऊ चहाकडे पाहत बसतात. सगळ्यात जास्त हाल झाले ते गुरुजींचे. जिंकल्यावर त्यांना वाद घालायला माणूसच उरला नाही. चक्कीवाला त्यांच्याच बाजूचा, त्याच्याशी काय भांडणार? गुरुजी एक दिवस घरी येऊन हात जोडून म्हणाले, “मी पैज सोडली हो. बोला तुम्ही.” साडभाऊंनी मान हलवली. मग गुरुजींनी आमिष दाखवलं, “माझा क्लच चिकटलाय बहुतेक.” साडभाऊ मुकाट्यानं त्यांच्या अंगणात गेले, स्प्रिंगा सैल केल्या, चकत्या मोकळ्या केल्या, सगळं आवळलं, हात धुतले, चहा घेतला आणि यंदा आंबा बरा धरला आहे म्हणाले. गुरुजींच्या डोळ्यांत पाणी यायचं तेवढं राहिलं.

परवा मी गेलो होतो. साडभाऊंनी शेतावर नेलं. मी मडगार्डवर बसलो होतो, आणि थोड्या वेळानं मागं ‘टक्’ झालं. मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. चेहरा पहिल्यासारखाच फुलला, तोंड उघडलं, आणि मग मिटलं. ते गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली उतरले. मीही उतरलो. म्हणालो, “भाऊ, इथी कोनी नाई. मले सांगा ना, कायनं तुटला?” त्यांनी चारही दिशांना पाहिलं. खरंच कोणी नव्हतं. तरी त्यांनी नुसती हातोडी उचलली. मी म्हणालो, “गुरुजीनं तं पैज कवाचीच सोडली.”

“पैजेचं नाई जी, साडभाऊ,” ते तुकडे ठोकून काढत म्हणाले. “मी पुन्हा बोलाले बसलो, का कोनी ना कोनी विचारनच. एवढं समजते तं तवा तसा बोल्ट काऊन टाकला? खोटं एकडाव बोलता येते. रोज रोज नाई जमत.” मग नवा बोल्ट फुंकून साफ करत, माझ्याकडे न पाहता म्हणाले, “तिनं माह्या गुडघ्यासाठी टाकला होता. लोकं तिले हासतीन, हे काही मले पाहवनार नाई.”

निघताना बाई मला पोचवायला रस्त्यापर्यंत आल्या. म्हणाल्या, “तुमी लिहिता ना जी पेपरात? मंग हे लिहून टाका. मी टाकला होता बोल्ट, असं सरळ लिहा. मी सांगाले गेली का हे मधातच वेगळं बोलतात. मले हासू द्या गावाले, काय होते? पन घर कसं सुनं झालं. स्वयंपाक करता करता मी ऐकत राहो, अर्धं समजे, अर्धं नाई. आता नुसता कुकर वाजते.”

म्हणून लिहिलं. गुरुजी पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचतात, तेव्हा हे वाचल्यावर ते चप्पल घालायलासुद्धा थांबणार नाहीत, साडभाऊंच्या अंगणात जाऊन बसतील. साडभाऊ माझ्यावर रागावतील. रागावू देत, वाटेल तेवढं बोलू देत मला. त्या माणसाचं गप्प बसणं मला बघवत नाही.